मिस, तुम्ही किती दिवस राहणार?

रात्री झोपण्याआधी फोन चाळताना तुम्हीही असा फोटो नक्की पाहिला असेल. मागे हिरवे डोंगर, पुढे गणवेशातली वीस-पंचवीस मुलं आणि त्यांच्या घोळक्यात मनापासून हसणारी एखादी शहरातली मुलगी. खाली लिहिलेलं असतं, "मी त्यांना शिकवायला गेले, पण त्यांनीच मला शिकवलं." असा फोटो पाहून मलाही वाटायचं, आपणही जावं. तुम्हालाही कधी वाटलं असेल, तर आजचा लेख खास तुमच्यासाठी.

मी गेले. २०२४ च्या एप्रिलअखेरीस, नेपाळमधल्या पोखऱ्याच्या वरच्या एका डोंगराळ गावात, दहा आठवड्यांसाठी. माझी पात्रता म्हणाल, तर इंग्रजी विषय घेऊन केलेलं बी.ए. आणि तीन वर्षं कंटेंट रायटिंगची नोकरी. बी.एड. नाही, शिकवण्याचा अनुभव म्हणजे धाकट्या मावसभावाचा अभ्यास घेतलेला, एवढाच. ऑफिसने बिनपगारी रजा दिली आणि आईने दोन किलो चिवडा. बडोद्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची सीमा, पुढे बसने दिवसभर घाट. दुसऱ्या दिवशी जीपने गावात पोहोचले, तेव्हा मला वाटत होतं की शाळा माझी वाटच पाहत असेल.

शाळा माझी वाट पाहत नव्हती. ती माझ्या आधीही चालत होती. हे कळायला मला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे आणि त्यानंतरचे सात आठवडे कसे गेले, तेच आज सांगते.

सकाळ: पंधरा मिनिटं पुढे, सत्तावन्न वर्षं पुढे

गावात दिवस साडेपाचलाच सुरू व्हायचा. मी ज्या घरात राहत होते, तिथल्या आजींना सगळे 'आमा' म्हणायचे, म्हणून मीही आमा म्हणू लागले. त्या मला 'नानी' म्हणायच्या. आपल्याकडे नानी म्हणजे आईची आई, तिकडे नानी म्हणजे लहान मुलगी. पंचविसाव्या वर्षी असं कोणी लाडाने हाक मारली, की बरं वाटतं.

अंगणात उभं राहिलं, की समोर माछापुच्छ्रे. उंची ६,९९३ मीटर, शिखराला माशाच्या शेपटीसारखी दोन टोकं. तो पवित्र मानतात, त्यामुळे त्यावर चढाईला परवानगी नाही. मे महिन्यात तो सकाळी तासभर दिसायचा आणि मग ढगांत जायचा. जूनमध्ये तर आठवडेच्या आठवडे गायब.

साडेआठला जेवण. नाश्ता नाही, पूर्ण जेवण. डाळ, भात, तरकारी, कधी गुन्द्रुक, म्हणजे पालेभाजी आंबवून वाळवलेला एक आंबटसर प्रकार. तरकारी हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता, तिच्यानंतर थेट इथेच ऐकला. कधी ढिंडो असायचा, कोदोच्या पिठाचा. कोदो म्हणजे आपली नाचणी, आणि ढिंडो म्हणजे घट्ट उकड म्हणा ना. सकाळी साडेआठला भात खायची सवय व्हायला चार दिवस लागले. पण शाळा दहा ते चार आणि घरी परतताना चढणीच्या दगडी पायऱ्या. ते जेवण का असतं, ते पायांना लगेच समजलं.

पहिल्याच दिवशी मी उशिरा पोहोचले. माझ्या हातातल्या घड्याळात पावणेदहा झाले होते आणि प्रार्थनेच्या रांगा तर लागलेल्या! नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे, हे मी वाचलं होतं, पण मनगटावरचं घड्याळ बदलायचं विसरले होते. हेडसर काही बोलले नाहीत. एका लहान मुलाने मात्र शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले.

मग वर्गात फळ्यावर तारीख पाहिली, साल २०८१. नेपाळमध्ये रोजचे व्यवहार विक्रम संवताप्रमाणे चालतात. परीक्षा, जन्मतारखा, सुट्ट्या, सगळं त्याच कॅलेंडरवर. आपल्या पंचांगात तेव्हा शके १९४६ चालू होतं. दिवाळीच्या पाडव्याला विक्रम संवताचं नाव आपण ऐकतो आणि विसरून जातो. इथे दहा वर्षांची मुलं त्यात जगतात. मी फळ्यावर २०२४ लिहिलं, तर वर्गातली एक मुलगी काळजीने म्हणाली, "मिस, चुकलं."

सुट्टी शनिवारी. रविवारी शाळा भरायची, शुक्रवारी लवकर सुटायची. पहिल्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिसळीचे फोटो येत होते आणि मी सहावीच्या वर्गात हजेरी घेत होते.

कपाळ आणि कपाल

नेपाळी देवनागरीत लिहितात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दुकानाच्या पाट्या वाचता येतात आणि माणसाला वाटतं, भाषा येतेच की आपल्याला! माझंही तसंच झालं. कान म्हणजे कान, नाक म्हणजे नाक, हात म्हणजे हात. वाटलं, किती सोपं.

मग चौथीच्या वर्गात शरीराचे अवयव शिकवताना मी कपाळाला हात लावून म्हणाले, "फोरहेड म्हणजे कपाल." सगळ्या वर्गाने एकदम आपापल्या केसांना हात लावला. नेपाळीत कपाल म्हणजे केस. कपाळाला म्हणतात निधार. आणखी एक गंमत ऐका. दोन दिवसांच्या पावसानंतर एका सकाळी आमा खुशीत म्हणाल्या, "आज राम्रो घाम छ." मी पटकन ओढणीने कपाळ पुसलं. तिकडे घाम म्हणजे ऊन!

अशा गमती फोनवर आईला सांगायला छान असतात. पण वर्गात त्यांचा अर्थ वेगळा होतो. ज्या शब्दाची मला खात्री असायची, तोच चुकीचा निघायचा आणि चाळीस मिनिटांच्या तासातली पाच मिनिटं तो निस्तरण्यात जायची.

मग मी सोपी वाट धरली, हिंदीची. सिनेमे आणि मालिका पाहून तिथल्या बहुतेक मुलांना हिंदी समजतं. मी इंग्रजी वाक्य सांगायचे, अर्थ हिंदीत सांगायचे, मुलं माना डोलवायची. इंग्रजी शिकवणारे सर एकदा बाहेरून ऐकत होते. मधल्या सुट्टीत चहा ओतता ओतता शांतपणे म्हणाले, "हिंदी तर टीव्ही शिकवतोच, मिस. त्यासाठी तुम्हाला एवढा प्रवास करायची गरज नव्हती."

मला राग आला नाही, लाज वाटली. आपण भारतातून गेलेले लोक तिथे एक चूक हमखास करतो. "अरे, हे तर अगदी आपल्यासारखंच आहे" असं प्रत्येक गोष्टीला म्हणतो. आपल्याला ते प्रेमाचं बोलणं वाटतं. समोरच्याला वाटतं, या बाईला आमचा देश वेगळा दिसतच नाही. त्या चहानंतर मी ते वाक्य बोलणं बंद केलं आणि रोज दहा नेपाळी शब्द लिहून पाठ करायला लागले.

शरीराचं गाणं सगळ्यांना येत होतं

आता माझ्या मोठ्या चुकीकडे येते.

पहिल्या आठवड्यात मी चौथी, पाचवी आणि सहावीचे इंग्रजीचे तास घेतले. घरून चित्रांची कार्डं नेली होती. शरीराच्या अवयवांचं इंग्रजी गाणं बसवायचं ठरवलं होतं. मी पहिला शब्द म्हटला मात्र, पाचवीचा अख्खा वर्ग उभा राहिला आणि हातवाऱ्यांसकट पूर्ण गाणं म्हणून दाखवलं. सुरात, न चुकता. मला वाटलं, काय हुशार मुलं आहेत!

हेडसरांना कौतुकाने सांगितलं, तर ते म्हणाले, "दोन वर्षांत तुम्ही तिसऱ्या. तिघांनीही तेच गाणं शिकवलं."

माझ्या आधीचे दोघे युरोपातून आले होते. एकजण तीन आठवडे राहिला, एकजण सहा. दोघांनीही नाव सांगणं, रंग, अवयव, प्राणी शिकवलं आणि फोटो काढून ते परत गेले. मुलांना "माय नेम इज" पासून "माय फेव्हरेट कलर इज" पर्यंत सगळं घडाघडा येत होतं. पण पुस्तकातला धडा उघडून चार ओळी वाच म्हटलं, की अर्धा वर्ग मान खाली घालायचा. दर नव्या पाहुण्याबरोबर मुलं पुन्हा पहिल्या पानावर जात होती. आणि मीही नेमकं तेच करत होते.

दुसरी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात घडली. माझ्या तासाला खेळ असायचे, आवाज असायचा, हसणं असायचं. मी शिकवत असताना सर स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायचे. ते इंग्रजी आणि सामाजिक शास्त्र, दोन्ही शिकवायचे. कित्येक वर्षं त्याच शाळेत होते. एके दिवशी मी बाहेर व्हरांड्यात उभी होते आणि सर सहावीच्या वर्गात शिरले, तेव्हा आतून एक आवाज आला. "सर नको, मिस हव्यात!" बाकीची मुलं हसली. सरांनी ऐकलं. ते काही न बोलता पुस्तक उघडून शिकवायला लागले.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तुम्हाला काय वाटलं असतं? खरं सांगते, मला पहिला क्षणभर आनंद झाला. आवडती शिक्षिका होणं कोणाला नको असतं? रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो आनंद टोचायला लागला. मी जुलैत जाणार होते. सर राहणार होते. या मुलांची दहावीची परीक्षा, तिथे तिला एस.ई.ई. म्हणतात, सरांच्याच शिकवण्यावर होणार होती. मी दहा आठवड्यांत मुलांना फारसं इंग्रजी शिकवू शकणार नव्हते. पण सरांचा तास कंटाळवाणा असतो, हे मात्र नक्की शिकवून जाणार होते.

पहिल्या दिवशी सहावीच्या मुलांनी मला विचारलेला पहिला प्रश्न आठवला. मी कुठली, माझं लग्न झालंय का, यातलं काहीच नाही. पहिला प्रश्न होता, "मिस, तुम्ही किती दिवस राहणार?" तेव्हा मला तो गोड वाटला होता. आता समजलं, की ही मुलं हिशेब लावत होती. किती जीव लावायचा, याचा हिशेब.

मागच्या बाकावरची मुलगी

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, "तुमचे तास तुम्हीच घ्या. मी तुमच्याबरोबर वर्गात उभी राहते. जे सांगाल ते करते." सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग आधी मागच्या बाकावर बसा."

पूर्ण आठवडा मी मागे बसले. फोटोत न दिसणारी शाळा तिथून दिसते. कोणाकडे पुस्तक नाही, कोण शेजारच्याचं पाहून लिहितंय, कोण दुसऱ्या तासालाच पेंगतंय, कारण पहाटे उठून गवत कापून आलंय, हे सगळं मागून कळतं.

माझ्या शेजारी पाचवीची एक मुलगी बसायची. तीन आठवडे ती माझ्या तासाला एक शब्दही बोलली नव्हती. मी मनात नोंद केली होती, 'अभ्यासात कच्ची.' सरांनी धड्यावर एक प्रश्न विचारला. ती गप्प. सर तिच्याजवळ आले, वाकून तिला गुरुङ भाषेत दोन-तीन शब्द बोलले. तिने मान वर केली आणि उत्तर दिलं. इंग्रजीत. छोटंसं वाक्य, पण बरोबर.

गाव गुरुङ लोकांचं. त्या मुलीच्या घरी आजीबरोबर गुरुङ बोलतात, शाळेत सगळं नेपाळीत, आणि त्यावर तिसरी इंग्रजी. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषांची नोंद आहे, हे मी जाण्याआधी वाचलं होतं. पण १२४ भाषा म्हणजे मागच्या बाकावर गप्प बसलेली एक मुलगी, हे वाचून कळत नाही.

आणि मला तर ते सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. मी बडोद्यात वाढलेली मराठी मुलगी. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. पहिलीत असताना मला 'थर्स्टी' शब्द आठवला नाही आणि 'तहान' बाईंना कळणार नाही, म्हणून मी दुपारपर्यंत पाणी मागितलं नव्हतं. तुम्ही इंदूरला, हैदराबादला किंवा बंगळूरुला राहत असाल, तर तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेलच. मुलाला उत्तर येत असतं, फक्त भाषा तीन दारांपलीकडे असते.

सरांना ती तिन्ही दारं माहीत होती. मला एकही नाही.

मग आम्ही कामं वाटून घेतली. सर धडा समजावायचे, मी उच्चार आणि वाचन घ्यायचे. तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं जोडीवाचन ठेवलं. चांगलं वाचणारं एक मूल आणि अडखळणारं एक, दोघं मिळून एक परिच्छेद वाचणार. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूची कार्डं कापली. एका बाजूला धड्यातला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला नेपाळी आणि गुरुङ. गुरुङ शब्द मुलंच घरून विचारून आणायची. काही शब्दांवरून वर्गात भांडणं व्हायची, कारण हिची आजी एक सांगायची आणि त्याची आजी दुसरंच. त्या भांडणात मागच्या बाकावरच्या मुलीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

माझे तास आता पहिल्याइतके धमाल नव्हते. कोणी "मिस हव्यात" म्हणून ओरडत नव्हतं. मला थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळ आणि एक प्रश्न

चारला शाळा सुटली, की मुलं दप्तर टाकून कामाला लागायची. पाठीवर डोको, म्हणजे वेताबांबूची निमुळती टोपली, कपाळावरून तिचा पट्टा आणि आत गवत. मी रिकाम्या हाताने पायऱ्या चढताना धापा टाकायचे आणि ती गवताचा भारा घेऊन मला ओलांडून जायची. मी थांबले, की म्हणायची, "बिस्तारै, मिस." म्हणजे सावकाश.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. नेपाळमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक, लुमले, याच जिल्ह्यात आहे. आंबोलीचा पाऊस पाहिला असेल, तर कल्पना येईल. पायऱ्यांवर जळवा. आमांनी फडक्यात मीठ बांधून दिलं होतं, जळू चिकटली की त्यावर दाबायचं. वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओलेच. शनिवारी खाली पोखऱ्याला जाऊन गरम कॉफी प्यायचा बेत दर आठवड्याला पावसात वाहून जायचा. रात्री एकटं वाटायचं. हेही सांगायला हवं, कारण फोटोत हे नसतं.

अशाच एका पावसाच्या संध्याकाळी व्हरांड्यात सहावीतला एक मुलगा शेजारी येऊन बसला. गावातल्या बऱ्याच घरांत वडील घरी नसतात. कोणी आखातात, कोणी मलेशियात, कोणी भारतात. बाहेरगावी नोकरीला गेलेल्या माणसाला तिथे 'लाहुरे' म्हणतात. पूर्वी लोक लाहोरला सैन्यात भरती व्हायला जायचे, तेव्हापासूनचा हा शब्द. या मुलाचे वडील मुंबईत एका इमारतीत वॉचमन होते. त्याने विचारलं, "मिस, तुमच्या इमारतीत पण नेपाली वॉचमन आहे?"

मी म्हटलं, "आहे ना."

"नाव काय त्यांचं?"

मला सांगता आलं नाही. आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'बहादूर' म्हणतात. त्यांच्या आधीच्या वॉचमनलाही बहादूरच म्हणायचे. अकरा वर्षं ते गेट उघडतात, माझी पार्सलं सांभाळतात. आणि मी हजार-दीड हजार किलोमीटर प्रवास करून नेपाळच्या मुलांसाठी काहीतरी चांगलं करायला आले होते.

"विसरले," मी म्हटलं. त्या मुलाने मान डोलावली. ते खोटं होतं, हे त्याला कळलं असावं.

दही-चिउरा

नेपाळी असार महिन्याची १५ तारीख म्हणजे भातलावणीचा दिवस. त्या वर्षी तो २९ जूनला, शनिवारी आला. सगळं गाव चिखलात. मीही शेतात उतरले, पाच रोपं लावली आणि सहाव्याला बसकण मारली. दुपारी बांधावर बसून सगळ्यांनी दही-चिउरा खाल्ला. चिउरा म्हणजे पोहे. दहीपोहे! गोकुळाष्टमीची आठवण येऊन माझा घसा दाटला. 'आपल्यासारखंच' हा शब्द ओठांवर आला होता, तो दह्याबरोबर गिळला आणि आमांना फक्त म्हटलं, "मीठो छ." छान लागतंय.

पुढच्याच आठवड्यात मी निघाले. मोठा निरोप समारंभ नको, अशी विनंती मी हेडसरांना केली होती, तरी गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळाला टिका झालाच. कपाळाला, म्हणजे निधारला! शेवटच्या तासाला मी एक जाड वही सरांकडे दिली. कोणत्या वर्गात कोणत्या पानापर्यंत झालं, काय जमलं, काय फसलं, कोणत्या मुलाला वाचताना कुठे अडतं, हे सगळं त्यात लिहिलं होतं. पहिल्या पानावर पुढच्या पाहुण्यासाठी एक ओळ होती, 'अवयवांचं गाणं शिकवू नका, त्यांना येतं.' ती वाचून सर मोठ्याने हसले. दहा आठवड्यांत त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुम्हाला जायचं असेल, तर

मी जाऊ नका म्हणणार नाही. जा. पण जाण्याआधी काही प्रश्न स्वतःला आणि शाळेला विचारा.

• शाळेला नक्की काय हवंय? "काहीही शिकवा" असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा. मुलांना शिकवण्यापेक्षा शिक्षकांना संभाषणाचा सराव देणं, ग्रंथालय लावणं, कॉम्प्युटर शिकवणं हे जास्त उपयोगाचं असू शकतं.

• तुमच्या आधी कोणी आलं होतं का आणि त्यांनी काय शिकवलं? हे मी विचारलं असतं, तर तीन आठवडे वाचले असते.

• तिथल्या शिक्षकाच्या जागी उभे राहणार की बाजूला? जागी उभं राहायला सांगत असतील, तर सावध राहा.

• किती दिवस देऊ शकता? दोन आठवड्यांत मुलांची नावंसुद्धा पाठ होत नाहीत. कमी दिवस असतील, तर पर्यटक म्हणून जा आणि गावातल्याच घरी राहा. गावाला त्याचाही उपयोग होतो.

• पैसे कुठे जातात? काही मध्यस्थ स्वयंसेवकांकडून मोठी रक्कम घेतात. त्यातलं शाळेला आणि ज्या घरी राहणार त्यांना किती मिळतं, हे विचारण्यात गैर काहीच नाही.

• अनाथाश्रमात काम करण्याच्या जाहिरातींपासून दूर राहा. अशा ठिकाणच्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि पाहुण्यांच्या पैशासाठी मुलांना घरापासून तोडलं जातं, हे नेपाळमध्ये आणि इतर देशांतही उघड झालेलं आहे. युनिसेफनेही याबद्दल इशारा दिला आहे.

• मुलांचे फोटो टाकण्याआधी शाळेला आणि पालकांना विचारा. आपल्या मुलांचे फोटो अनोळखी माणसाने टाकले, तर आपल्याला चालेल का?

• कागदपत्रं नीट ठेवा. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पण व्हिसा नाही म्हणजे शाळेत शिकवायलाही काहीच परवानगी नको, असं गृहीत धरू नका. नियम आधी विचारा आणि शाळेचं लेखी पत्र घ्या. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, एवढा हिशेब पाठ असू द्या.

घरी परतल्यावर पहिलं काम केलं, ते गेटवर थांबून नाव विचारण्याचं. त्यांनी आधी संशयाने पाहिलं, काही तक्रार आहे की काय म्हणून. मग नाव सांगितलं, गाव सांगितलं. आता आमच्या घरात तरी त्यांना कोणी बहादूर म्हणत नाही. आई त्यांना 'दाजू' म्हणते, म्हणजे दादा.

दसऱ्यानंतर, तिकडच्या दशैंच्या सुट्टीनंतर, सरांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. जोडीवाचन बंद पडलं होतं. एक शिक्षक बदलून गेले, सरांकडे आणखी एक वर्ग आला, दहा मिनिटं काढणं जमेना. खाली एक फोटो होता. वर्गाची भिंत, तिच्यावर दोऱ्याला अडकवलेली कॅलेंडरची कार्डं. मी झूम करून पाहिलं. माझ्या अक्षरातली काही होती, काही पावसात डागाळली होती. पण बरीच कार्डं नवीन होती आणि त्यांवरचं अक्षर माझं नव्हतं.